बाईचा ताप कोण मोजणार?

वेल्हे तालुक्यातल्या धरणाकाठच्या एका वाडीत बैठक होती. दिवस भातलावणीचे. विषय ठरला होता रेशनकार्डांचा. पण निम्म्या बायका खोकत होत्या, त्यामुळे विषय आपोआपच बदलला. वाडीत पंधरा दिवस तापाची साथ चालू होती. आम्ही विचारलं, घरात कुणाकुणाला ताप येऊन गेला? बायकांनी बोटं मोजली. धाकट्याला आला, थोरलीला आला, मालकांना आला, सासूबाईंना आला, त्या अजून उठल्या नाहीत. "आणि तुम्हाला?" सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "आला आसंल की ताई. बघितला कुनी?"

कार्यकर्तीच्या पिशवीत थर्मामीटर होता. तो त्याच बाईच्या काखेत लावला. १०२ निघाला. सकाळपासून ती गुडघाभर चिखलात वाकून लावणी करून आली होती. बैठक संपल्यावर चूल पेटवायची होती, सासूला औषध द्यायचं होतं, गोठा बघायचा होता. तिचा ताप मोजला गेला तो केवळ योगायोगाने.

"बघितला कुनी?" हा प्रश्न तिने हसत विचारला. आपण तो गंभीरपणे घ्यायला हवा. कारण साथ आली की सरकार, डॉक्टर, वर्तमानपत्रं सगळे एकच उपदेश करतात: स्वतःची काळजी घ्या, घरी थांबा, विश्रांती घ्या, भरपूर पातळ पदार्थ घ्या, आजारी माणसापासून दूर राहा. उपदेश शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण तो ज्या घरात जाऊन पोचतो त्या घरात 'काळजी घेणे' हे काम एकाच माणसाच्या नावावर लिहिलेलं असतं. तिने आजारी माणसापासून दूर राहायचं म्हणजे आजारी माणसाला पाणी कोणी द्यायचं? तिने विश्रांती घ्यायची म्हणजे चूल कोणी पेटवायची? या प्रश्नांना बगल देऊन केलेला आरोग्यप्रचार हा निम्म्या समाजाला वगळून केलेला प्रचार आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'साधा ताप' कुणासाठी?

"फ्लू म्हणजे काय, सर्दी-ताप. चार दिवसांत जातो." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, म्हटलंही आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण सगळ्यांच्या नाही. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं मेली, असा अंदाज आहे. ती साथ मुंबई बंदरातून आत शिरली, आणि मुंबई इलाख्याला तिचा जबर तडाखा बसला. त्याच वर्षी पाऊस नव्हता, धान्य महाग होतं. त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, आणि त्याही ऐन उमेदीतल्या. अर्धपोटी शरीर, वरून घरातल्या प्रत्येक आजाऱ्याची शुश्रूषा. शंभर वर्षांपूर्वीच्या या नोंदी आहेत. त्यात आजचं किती ओळखीचं वाटतं ते प्रत्येकीने आपल्या घरात बघावं.

दूर कशाला जा, २००९ ची गोष्ट घ्या. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ३ ऑगस्ट २००९ रोजी. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्यानंतर पुण्यात शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मास्क काळ्या बाजारात गेले, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. त्या वर्षीच्या अनुभवातून जगभर एक गोष्ट पक्की झाली: हा फ्लू गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार धोकादायक असतो. २०१५ मध्ये याच विषाणूने देशात सुमारे ३ हजार माणसं नेली. तो विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग होऊन बसला आहे. आपल्याकडे तो पावसाळ्यात डोकं वर काढतो, आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस. म्हणजे भोर-वेल्ह्याच्या हिशेबात नेमका लावणीच्या हंगामात आणि मग लग्नं-जत्रांच्या तोंडावर.

पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. २०१० मध्ये या विषाणूविरुद्ध नाकात फवारायची लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्याचीच. तोरण्याच्या पायथ्यापासून हे सगळं साठेक किलोमीटरवर. पण साथीच्या दिवसांत ते साठ किलोमीटर कुणासाठी किती लांब असतात, ते अंतर घराघरात बदलतं. घरातला कर्ता पुरुष तापला तर जीप ठरते, पुण्याला नेतात. बाई तापली तर काढा. मग गोळी. मग 'बघू उद्या'. आणि उद्या लावणी असते.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणजे कुणाची?

सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, राज्य सरकारने मोहीम काढली: 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. घोषणा ऐकायला गोड. पण 'माझी' म्हणजे कुणाची, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि ही मोहीम घरोघरी नेली कोणी? आशांनी. दुसऱ्यांच्या कुटुंबांची जबाबदारी घेत, स्वतःचं कुटुंब घरी ठेवून, हातात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायकांनी. सरकारच्या कागदावर आशा ही कामगार नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, 'मोबदला' आहे. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा 'महामारीत संप?' म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा मात्र सगळ्यांचे ऊर भरून आले. सन्मान फुकट असतो, पगाराला पैसे लागतात!

घरात बायकोची सेवा फुकट, गावात आशाची सेवा जवळजवळ फुकट. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. बाईची शुश्रूषा हा तिचा 'स्वभाव' मानला की तिचे तास मोजावे लागत नाहीत, तिचा धोका मोजावा लागत नाही, आणि मग तिचा तापही मोजावा लागत नाही.

इथे हमखास सावित्रीबाईंचं नाव घेतलं जातं. प्लेगच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सभांतून सांगतात, बघा, बाईने अशी सेवा करावी. आम्ही म्हणतो, पुरतं बघा! सावित्रीबाई घरात बसून उशाशी पाणी ठेवत नव्हत्या. डॉक्टर झालेल्या मुलाला, यशवंताला, बोलावून त्यांनी पुण्याबाहेर दवाखाना काढायला लावला, आणि ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांना तिथे आणलं. ती सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभारणं होतं. आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते त्याची वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली होती. साथीत सरकारला जाब विचारणं हीसुद्धा आपलीच परंपरा आहे. त्यागाची गोष्ट सांगताना जाब विचारण्याची गोष्ट गाळू नका.

हात धुवा. कुठल्या पाण्याने?

साबणाने हात धुतल्याने फ्लूचा प्रसार कमी होतो. अगदी खरं. पण पानशेत आणि वरसगावचं पाणी पुण्याला जातं, भाटघर आणि नीरा-देवघरचं पाणी कालव्यांनी खाली जातं, आणि धरणांच्या वरच्या वाड्यांतल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन डोंगर उतरतात. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनाच हात धुवायला पाणी मोजून वापरावं लागतं. अशा वाडीत 'वीस सेकंद हात धुवा' असं भित्तिपत्रक लावणाऱ्याने आधी हंडा उचलून दाखवावा.

घर हवेशीर ठेवा म्हणतात. तेही खरं. फ्लू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो, कोंदट जागेत जास्त पसरतो. पण मावळातलं घर पावसाळ्यात चारी बाजूंनी बंद असतं. आत चूल, धूर, ओले कपडे, कुठे शेजारीच गोठा. त्या धुराने बाईची छाती आधीच पोखरलेली असते. गॅसची टाकी घरात आली, पण ती पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यात उभी आहे, असं चित्र किती घरांत दिसतं! म्हणजे हवेशीर घर हा केवळ आरोग्यशिक्षणाचा मुद्दा नाही, तो गॅसच्या किमतीचा आणि घरकुलाच्या आराखड्याचाही मुद्दा आहे.

आणि पदर! तोंडाला पदर लावा, असं सर्रास सांगतात. त्याच पदराने आपण पोराचं नाक पुसतो, ताट पुसतो, घाम टिपतो, चुलीवरचं पातेलं उतरवतो. मैत्रिणींनो, पदर म्हणजे मास्क नव्हे. दुकानातला मास्क नसेल तर सुती कापडाचे तीन पदर शिवून त्याचा वेगळा मास्क करा, तो रोज धुवून वाळवा. आणि मुख्य म्हणजे तो खोकणाऱ्याने लावायचा आहे, मग तो घरचा मालक का असेना. सगळं घर खोकतंय आणि एकट्या सुनेने तोंड बांधलंय, यात ना शास्त्र आहे ना न्याय.

ही माहिती आपल्या हातात हवी

हे सगळं व्यवस्थेवर ढकलून आपण हात झटकायचे, असं आम्ही म्हणत नाही. माहिती हेही आपलं हत्यार आहे, आणि ते आपल्यापासून फार काळ दूर ठेवलं गेलंय. म्हणून प्रत्येक गटात हे मोठ्याने वाचा.

फ्लू विषाणूने होतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. 'सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही' आणि 'एक सलाईन लावून टाका' हा आपला समज आणि काही दवाखान्यांचा धंदा एकमेकांना पोसतात. साध्या तापाला पॅरासिटामॉल, विश्रांती, पेज, पाणी एवढं पुरतं. लहान मुलांना अॅस्पिरिन देऊ नका.

पण काही जणांच्या बाबतीत वाट बघायची नाही: गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, साठीपुढची माणसं, दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. यांना फ्लूसारखा ताप आला की लगेच डॉक्टरला दाखवा आणि ऑसेल्टामिव्हिरबद्दल, म्हणजे लोक ज्याला टॅमिफ्लू म्हणतात त्या गोळीबद्दल विचारा. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. त्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट बघत बसायची गरज नाही.

आणि धोक्याच्या खुणा: धाप लागणं, छातीत दुखणं, ग्लानी, ओठ-नखं निळी पडणं, थुंकीतून रक्त, ताप उतरून पुन्हा चढणं. मूल असेल तर खाणं-पिणं सोडणं, निपचित पडणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. दरीत रेंज नसेल तर फोन कुठे लागतो, गाडी कुणाची निघते, हे साथ यायच्या आधी ठरवून ठेवा. अंगावर पाजणाऱ्या आईला फ्लू झाला तरी दूध तोडू नका. हात धुवून, तोंड-नाक झाकून पाजा.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. गरोदरपणात घेतलेली लस आईला तर वाचवतेच, पण जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने संरक्षण देते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. गरोदर बायका आणि जोखमीच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्येच घेतला. आपल्या गटातल्या किती जणींना हे कुणी सांगितलं होतं? नसेल, तर चूक त्यांची नाही. आता प्रश्न विचारायचा आपण.

आजारपणाची इर्जिक

साथीत गाव दोन गोष्टी करतं, हे आपण पाहिलं आहे. २०२० मध्ये वेशीवर दगड-फांद्या टाकून रस्ते अडवले. पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना, शहरात धुणीभांडी करणाऱ्या बायकांना, परक्यासारखं वागवलं. भीतीने माणूस तसा वागतो. पण त्याच गावांत लावणीच्या वेळी इर्जिक होते. एकाच्या खाचरात सगळे उतरतात, मग दुसऱ्याच्या. मजुरी नाही, उपकार नाही, परतफेड ठरलेली. गावाला एकमेकांचं काम वाटून घेता येतं, हे गावाने शेकडो वर्षं सिद्ध केलं आहे. फक्त चूल, पाणी आणि उशाशी बसणं हे 'काम' आहे असं कधी मानलं नाही, म्हणून त्याची इर्जिक झाली नाही.

ती आता करू या. ज्या घरात ताप, त्या घरच्या बाईला निदान पाच दिवस विश्रांती. तिचा हंडा शेजारणीने नव्हे, शेजारच्या पुरुषाने भरायचा. पेज-भाकरी गटाने पाळीपाळीने दारात ठेवायची, आत गर्दी करायची नाही. तिची लावणी इर्जिकीत धरायची. आजाऱ्याजवळ घरातल्या एकाच धडधाकट माणसाने बसायचं, आणि ते माणूस दरवेळी बाईच असणार नाही. मुलगे, नवरे, दीर यांना थर्मामीटर बघता आला पाहिजे, पेज करता आली पाहिजे. "आमच्यात पुरुष असलं करत नाहीत," असं कुणी म्हणेल. साथीला तुमच्यातलं-आमच्यातलं कळत नाही. ताप अंगात घेऊन बाई घरभर फिरत राहिली तर साथ घरभर फिरते. बाईने झोपून राहणं हा चोचला नाही, तो साथ रोखण्याचा उपाय आहे.

आमच्या काही मैत्रिणी म्हणतात, शुश्रूषा ही बाईची ताकद आहे, तिला ओझं का म्हणता? ताकद जरूर आहे. पण जी ताकद नाही म्हणायची मुभा देत नाही, तिला वेठ म्हणतात.

गावाकडून आणि सरकारकडून आपल्याला काय हवं?

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नावाला आमचा विरोध नाही. पण नावाची पाटी बदलताना आरोग्य उपकेंद्राचं कुलूपही उघडावं. २०११ च्या जनगणनेत या तालुक्यात जेमतेम ५४ हजार लोक मोजले गेले. इतक्या थोड्या आणि विखुरलेल्या वस्तीला 'संख्या कमी' म्हणून सेवा नाकारायची, की 'वस्ती दूर' म्हणून जास्त द्यायची, हा राजकीय प्रश्न आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. पावसाळ्याआधी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑसेल्टामिव्हिर आणि लस किती आली, किती शिल्लक, हे फळ्यावर लिहा. साथीत फिरणाऱ्या प्रत्येक आशेला आणि अंगणवाडी सेविकेला मास्क, लस, आजारपणाची भरपगारी रजा द्या. भोरच्या आणि वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत ऑक्सिजन आणि रात्रीचा डॉक्टर हजर ठेवा, रुग्णाला चिठ्ठी लिहून पुण्याला पिटाळू नका. रोजंदारीवरच्या बाईने आजारपणात घरी थांबावं असं वाटत असेल, तर त्या दिवसांचं रेशन आणि मजुरी यांची सोय करा.

हे मागायला जागाही आहेत. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, निदान कागदावर. तिच्याकडे अबंधित निधी येतो, आणि तिच्यात निम्म्या बायका असायला हव्यात. २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला त्यात पुणे जिल्हा होता. जनसुनवाईत उभं राहून डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला अनेक जणी तिथे शिकल्या. ती सवय मोडू देऊ नका. येत्या ग्रामसभेत समितीचा हिशेब मागा. त्या निधीतून वाडीला एक थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर, साबण आणि मास्क घ्यायला लावा.

आणि पुढच्या बैठकीत, रेशनकार्डांचा विषय काढण्याआधी, थर्मामीटर फिरवा. आधी बायकांच्या काखेत लावा. आकडे वहीत लिहा. "बघितला कुनी?" या प्रश्नाला आपलं पहिलं उत्तर तिथून सुरू होईल: आम्ही बघितला, आम्ही लिहून ठेवला, आणि आता तुम्ही तो वाचायचा आहे.